व्याजासकट परत

रत्नागिरीत मोटारसायकलवरून काय नेता येणार नाही, हा प्रश्न अजून कुणाला पडलेला नाही. एप्रिल-मे महिन्यांत हापूसची पेटी, पावसाच्या तोंडावर फणस, गणपतीत मखराचं सामान आणि बारमाही गॅसचा सिलिंडर. पूर्वी हे सगळं सुंभाने नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधत. आता दोन टोकांना हुक असलेला रंगीत इलॅस्टिकचा पट्टा आलाय. त्यामुळे ज्याला आयुष्यात गाठ मारता आली नाही तोही माल बांधू लागला, आणि माझी भीती तिथूनच सुरू होते.

आमच्या आळीतल्या अण्णांचा या पट्ट्यावर ग्रामदेवतेच्या खालोखाल विश्वास. पट्टा आखूड पडला की कॅरियरला पाय लावतात, दातओठ खातात आणि ओढतात. "बघ कसा बसलाय! हलेल काय आता?" पेटी हलत नाही हे खरं. पण इलॅस्टिकचा स्वभाव पक्का कोकणी. ताणलंत तर तोंडावर चकार शब्द काढणार नाही; संधी मिळाली की मात्र व्याजासकट परत करील.

त्या व्याजाचा दर रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगून ठेवलाय. १६७६ साली त्याने आपला नियम अक्षरांच्या कोड्यात छापला आणि उत्तर १६७८ साली दिलं. दोन वर्षं मनात ठेवलं, म्हणजे याचंही मूळ गाव देवरुखच्या आसपास असावं. नियम असा, की जितकं ताणाल तितकी ओढ. एका वितीऐवजी दोन विती ताणलंत तर ओढ दुप्पट होते, पण आत साठलेली शक्ती चौपट. रबर हा हिशेब तंतोतंत पाळत नाही, पण सूटही देत नाही. ती चौपट शक्ती घेऊन हुक सुटतो तो बहुधा वाकून बघणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नियतकालिकांत याच्या नोंदी आहेत: डोळ्यात रक्त उतरलं, भिंग सरकलं, पडदा सुटला. अण्णांचं म्हणणं, "आपल्याला चष्मा आहे." तो वाचायचा आहे आणि माल बांधताना खिशात असतो.

दुकानात अण्णा फक्त रंग बघतात. बघायचा असतो हुक. तारेचा उघडा हुक जोर दिला की सरळ होतो. जाड, प्लास्टिक चढवलेला आणि तोंड बंद होणारा असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. हुक आणि पट्टा जिथे जोडलेत तिथे ओढून बघावं. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. लांबी अशी घ्यावी की फार तर दीडपट ताणावं लागेल. आणि आपल्या गावात एक जादा कलम आहे: खारी हवा. ती हुकाला गंज चढवते आणि ऊन रबर खातं. वरच्या विणीला केस फुटले, ताणल्यावर आत बारीक चिरा दिसल्या, की पट्टा सरळ कचऱ्यात. अण्णा तो जपून ठेवतात, "हलक्या सामानाला" म्हणून.

लावताना हुक प्लास्टिकच्या पॅनेलला नको, कॅरियरच्या दांडीलाच हवा. तोंड आपलं कधीही पट्ट्याच्या रेषेत नको. सोडतानाही ढील पडेपर्यंत हुक मुठीत धरून ठेवायचा. लोंबतं टोक चेनपासून आणि सायलेन्सरपासून लांब. लाकडी पेटीची कड पट्ट्याला कापते, म्हणून मध्ये गोणपाटाचा तुकडा. दोन पट्टे हुकात हुक अडकवून लांब करायचे, हा उद्योग तर करूच नये. अण्णा तीन जोडतात.

आणि हे सगळं करूनही पट्टा हलकं सामान जागेवर ठेवण्यापुरताच. गाडी खड्ड्यात आदळते, नेमक्या त्याच क्षणी तो ताणतो आणि वजनाला उडायला वाट करून देतो. भरलेला सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा. तो असा उडू लागला की मागून येणारा गाडीवाला देवाचं नाव घेतो. जड मालाला न ताणणारा दोर हवा, नाहीतर सरळ रिक्षा.

वहिनींनी हे अण्णांना सुनावलं, तेव्हा ते तावातावाने मिरकरवाडा बंदरावर गेले. होडीवर जन्म काढलेल्या माणसांकडून पक्की गाठ शिकून येतो म्हणाले. जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाने सगळं ऐकून घेतलं, अण्णांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "आता इलॅस्टिकचा पट्टा मिळतो ना बाजारात? तो का नाय घेत?"