भावफलक बसवून देणाऱ्या प्रोग्रॅमरसाहेबांना खुले पत्र

रा. रा. प्रोग्रॅमरसाहेब यांस,
सांगोल्याहून सा. न. वि. वि.

आमच्या डाळिंबाच्या अडतीत तुम्ही बसवून दिलेला भावफलक झकास चालू आहे. म्हणजे स्क्रीन पेटतो, वीजबिल येतं आणि सौद्याला आलेली माणसं माना वाकड्या करून वाचायचा प्रयत्न करतात. वरच्या सरकत्या ओळीत आमच्या गावाचं तुम्ही जे काही करता, ते बघून जतकडच्या एका पाहुण्यांनी विचारलं, "हे कुठलं गाव म्हणायचं?"

म्हणून तुमचा कोड उघडून बघितला. काय युक्ती! ओळीचं पहिलं अक्षर कापायचं, शेपटाला चिकटवायचं, की ओळ सरकली. इंग्रजीत खपतं हो. पण 'सांगोला' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा असला तरी पायथॉन त्यात सात चिन्हं मोजतो: स, काना, अनुस्वार, ग, ओकार, ल आणि परत काना. तुम्ही आधी एकटा स उचलून नेता. काना-अनुस्वार मागे ठिपक्यांच्या पोकळ वर्तुळाला लटकून राहतात. पुढच्या फेरीला काना जातो, अनुस्वार उरतो. त्याला स्वतःची रुंदीच नाही, त्यामुळे ओळ एकदा उडी मारते नि एकदा जागच्या जागी ठेचकाळते. 'प्रतवारी करून माल आणावा' या सूचनेत तर प पुढे निघून जातो आणि त्याचा मोडलेला पाय मागे राहतो. माल प्रतवारी करून आणायचा, मजकूर मात्र असा!

ओळ कापायची गरजच नव्हती. कॅनव्हासवर अख्खी ओळ एकदाच लिहायची आणि 'मूव्ह'ने दोन-दोन पिक्सेल डावीकडे सरकवायची. तिची उजवी कड स्क्रीनबाहेर गेली की ओळ पुन्हा उजवीकडून आत आणायची. कानामात्रा आपापल्या अक्षराला धरून राहतात, कारण कापाकापीच होत नाही. आणि दोन सरकण्यांमध्ये थांबायला तुम्ही 'स्लीप' लावलंत! झोपलेल्या प्रोग्रॅमला बटण दाबलेलं कळणार कसं? पायथॉनच्या टीकिंटरमध्ये, म्हणजे ज्यातून तुम्ही हा फलक काढलात त्या खिडक्या-बटणांच्या सोयीत, 'आफ्टर' आहे. इतक्या मिलिसेकंदांनी हाक मार, एवढं त्याला सांगायचं आणि तोवर बाकीची कामं होऊ द्यायची.

आता खालची यादी. शेतकऱ्याचं नाव, क्रेट, वजन, भाव. पहिल्या दिवशी वरच्या वीसेक नोंदी दिसल्या नि फलक तिथंच ठाण मांडून बसला. नंतरचा सौदा यादीत चढत होता, पण दिसत नव्हता. सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना 11 वेळा विधानसभेत पाठवलं, म्हणून इथं वरची ओळ हलवायची नसते असा तुमचा समज झाला असेल तर खुलासा करतो: ते मतदानापुरतं होतं.

शेजारचा स्क्रोलबार आणखी भारी. नोंदी वाढतील तसा त्याचा ठोकळा आखूड होतो. ओढला तर ढिम्म हलत नाही. टीकिंटरमध्ये मजकुराची चौकट आणि स्क्रोलबार एकमेकांना ओळखत नाहीत, ओळख दोन्हीकडून करून द्यावी लागते. चौकटीला 'वायस्क्रोलकमांड' देऊन सांगायचं की तू कुठवर आलीस ते बारला कळव. बारला 'कमांड' देऊन सांगायचं की तुला ओढलं की चौकटीचा 'वायव्ह्यू' हलव. पहिली ओळ तुम्ही लिहिलीत. दुसरी लिहायच्या आत चहा आला असावा.

तक्रार केल्यावर तुम्ही 'सुधारणा' पाठवलीत. आता दर सेकंदाला 'सी एंड' चालतं. कुणी माउसचं चाक फिरवून आपल्या भगव्या डाळिंबाचा भाव शोधत वर गेला, की तुमचा प्रोग्रॅम त्याला मानगूट धरून तळाला आणतो. अहो, नोंद घालण्याआधी 'वायव्ह्यू'चा दुसरा आकडा बघायचा. तो 1.0 असला तर माणूस तळाशीच आहे, त्याला नवी ओळ दाखवा. कमी असला तर तो वरचं काही वाचतोय, त्याला वाचू द्या.

देशातली शंभरावी किसान रेल 28 डिसेंबर 2020 रोजी सांगोल्यातूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. इथला माल देशाच्या पार दुसऱ्या टोकाला जातो आणि तुमची यादी एकविसाव्या ओळीपर्यंत धड जात नाही.

सगळ्यात कळस म्हणजे चौकट आणि बार आधीच जोडून ठेवलेला तयार माल पायथॉनसोबत फुकट मिळतो. नाव 'स्क्रोल्डटेक्स्ट'. तो आणायला एक ओळ लागते. तुम्ही तो सोडून हातानं अर्धवट जोडलात आणि बिलात 'विशेष स्क्रोलिंग सुविधा' असा वेगळा आकार लावलात. तेवढी एक गोष्ट मात्र शेवटच्या ओळीपर्यंत व्यवस्थित दिसली.

तूर्त भाव खडूनं फळ्यावर लिहितोय. सौद्याच्या दिवशी स्वतः या, शेतकऱ्यांत उभं राहून तुमचा फलक वाचून दाखवा. तळाची नोंद दिसली आणि गावाचं नाव अखंड सरकलं, की बिलाचा राहिलेला हप्ता त्याच दिवशी रोख मिळेल.

आपला,
अडतीतला दिवाणजी