जाण्याची वेळ

आमच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात यंदा चिठ्ठ्यांचा खेळ होता. काल्पनिक पात्रांपैकी कुणाला घरी जेवायला बोलवाल? निम्म्या चिठ्ठ्यांतून एकच नाव निघालं, अप्पासाहेब बेलवलकर. टाळ्या पडल्या. 'नटसम्राट'चं माहेर नाशिक, म्हणजे अप्पा आपले गाववाले. शिवाय दरवर्षी याच स्टेजवर कुणीतरी शाल पांघरतं, काठी टेकतं, अप्पांच्या वतीने घर मागतं आणि आपल्या थ्री बीएचकेत झोपायला जातं.

एक चिठ्ठी माझी होती. अप्पांबरोबर त्यांच्या पत्नी, म्हणजे 'सरकार'ही येणार, म्हणून दोन पानं वाढून ठेवली. काळ्या मसाल्याचं भरलं वांगं, बाजरीची भाकरी. अप्पा गेटवर अडकले.

वॉचमनच्या वहीत पाच रकाने. नाव लिहिलं. कोणाकडे, लिहिलं. गाडी नाही. येण्याची वेळ, आठ. जाण्याची वेळ? अप्पांनी पेन खाली ठेवलं. 1970 पासून हा माणूस रंगमंचावर घर मागतोय. आणि आम्ही देतोय काय, तर जेवण! तेही साडेनऊपर्यंत, कारण सकाळी पोराचा क्लास.

शेवटी मीच साडेनऊ लिहून टाकलं.

जेवताना फार बोलणं झालं नाही.

"त्या खोलीत कोण असतं?"

"ते माझं ऑफिस, अप्पा. वांगं घ्या ना."

"आणि रात्री?"

रात्री तिथे प्रिंटर असतो, हे सरकारांच्या देखत माझ्याच्याने सांगवेना.

साडेनऊला दोघं उठले. कुठे जाणार, हे मी विचारलं नाही. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाघाटावर, जागा असते म्हणे.

त्यांना गेटपर्यंत सोडून परतताना वॉचमनची ती वही चाळली आणि डोकं फिरलं. पाहुण्यांच्या वहीत कुरिअरवाले, प्लंबर, गॅसवाले, आणि त्यांच्याच रांगेत आमच्या सभासदांचे सख्खे आईबाप! कोणाकडे? मुलाकडे. जाण्याची वेळ? आगाऊ भरलेली, तारखेसकट, कारण एक तारखेपासून पुण्याच्या मुलाची पाळी. अरे, बाप म्हणजे काय सिंहस्थ आहे, ठरल्या मुदतीला यायचा आणि ध्वज उतरला की जायचा? ज्याने प्लॉट विकून तुमच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट भरलं, त्याला लिफ्टपाशी 'कोणाकडे आलात?' विचारतात. आणि तुम्ही नाटकाला जाऊन अप्पांच्या लेकीला शिव्या घालता, मध्यंतरात बटाटेवडा खाता, तिसऱ्या अंकात रुमाल काढता! तिकिटाच्या पैशात रडणंही वसूल!

पुढचं पान उलटलं. फ्लॅट नंबर माझा, अक्षर वडिलांचं. जाण्याच्या वेळेचा रकाना त्यांनी स्वतःच भरला होता, कुणी न विचारता.

पुढच्या वर्षी मी चिमणरावांचं नाव देणार. येतील ते अख्ख्या गोतावळ्यासकट, पण त्यांना स्वतःचं बिऱ्हाड आहे. जेवून परत जातील.