पाऊणपट

आमच्या रामवाडीच्या घरी सकाळी येणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे, त्यावरून मला महिना कळतो. रंगाची गन आणि तिचा कॉम्प्रेसर आला की वैशाख लागला म्हणायचं. पेणच्या गणपती कारखान्यांत तेव्हा रंगकामाची घाई असते आणि गन नेमकी तेव्हाच तुंबते. मिक्सर आला की पापडांचे दिवस. मूर्तीमागचं फिरणारं चक्र आलं की चतुर्थी चार दिवसांवर. पाण्याचा पंप मात्र बारमाही. पंपवाला ओटीवर बसतो, चहा येईपर्यंत गप्प राहतो आणि पहिल्या घोटानंतर ठरलेलं वाक्य टाकतो, "तुम्ही रॉकेटं करायचात ना? मग ह्याला कितीसा वेळ!"

वेळ लागतो. नोकरीच्या अडतीस वर्षांत मी एकही पंप उघडला नव्हता. रॉकेट कुणी एकटा करत नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. माझ्या वाट्याला झडपा आल्या होत्या. एक झडप, तिची चाचणी, चाचणीचा अहवाल, अहवालावरची बैठक आणि त्या बैठकीचं इतिवृत्त. झडप तळहातावर मावायची, इतिवृत्ताला कपाट लागायचं. थुंब्याला लागलो ते १९७९ साल. त्याच वर्षी १० ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ पहिल्यांदा उडालं. बावीस मीटर उंच आणि सतरा टन वजनाचं ते रॉकेट ३१७ सेकंदांनी समुद्रात पडलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणातली एक झडप अडकली होती आणि आम्ल गळून गेलं होतं. पुढल्या वर्षी १८ जुलैला त्याच जातीच्या रॉकेटनं रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ले, पण झडप म्हटलं की तेव्हापासून मला आधी तिच्या फटीत काय अडकलं असेल हेच दिसतं.

निवृत्तीनंतर गावाला यायचं हे ठरलेलंच होतं. माझ्यासमोर आदर्श होता वसंतराव गोवारीकरांचा. या माणसानं थुंब्याला घन इंधनाचं काम उभं केलं, विक्रम साराभाई अवकाश केंद्राचं संचालकपद सांभाळलं, मग दिल्लीला विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव म्हणून गेले आणि लक्ष घातलं कशात, तर पावसात. मान्सूनच्या अंदाजाचं १६ घटकांचं प्रारूप १९८८ साली त्यांच्याच पुढाकारानं आलं. उतारवयात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर खतांचा जाडजूड कोश केला, तो २००९ साली निघाला. रॉकेट, पाऊस, खत! वरून खाली येण्याचा याहून सरळ रस्ता नाही, असं मला वाटायचं. खतापर्यंत पोचायला आपल्याला फार तर दोन वर्षं लागतील, असा माझा हिशेब होता.

सरळ रस्त्यावरून आठवलं. आमचं घर एसटी स्टँडच्या मागे, त्यामुळे मुंबई-गोवा महामार्ग हा घरचाच विषय. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत जाऊन बसलं. तेव्हा आमच्या दारात खड्डेच होते. एका कंडक्टरनं हे मला तिकीट फाडता फाडता ऐकवलं. मी म्हटलं, मंगळाच्या वाटेवर भूसंपादन नसतं. तो हसला, पण सुटे पैसे दिले नाहीत.

असो. वडिलोपार्जित दीड एकर खाचर खाडीकडच्या खारेपाटात आहे. खारेपाट म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन, आणि समुद्र ती दिवसातून दोनदा परत मागतो. म्हणून मातीचा बांध, आणि बांधात उघाडी. ही उघाडी मी पहिल्यांदा नीट बघितली आणि बांधावर उकिडवा बसलो तो अर्धा तास उठलो नाही. दगडी मोरी, तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप, झडपेला वरच्या बाजूनं बिजागरी. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, झडप घट्ट मिटते. ओहोटीला शेतातलं पाणी आतून रेटतं, झडप उघडते. माणूस नाही, वीज नाही, इतिवृत्त तर नाहीच. ज्याला अडवायचं त्याच्याच जोरावर त्याला अडवायचं! माझ्या आयुष्यातली सगळी हुशारी या एका फळीत कुणीतरी अनाम माणसानं आधीच घालून ठेवली होती आणि वर तिच्यावर एक खेकडा बसला होता.

या वैशाख अमावास्येच्या उधाणाला ती झडप मिटली नाही. फटीत पाण्याची प्लास्टिकची बाटली आडवी अडकली होती. खारं पाणी आत शिरलं, मोरीच्या कडेची माती खात गेलं आणि सकाळपर्यंत बांधाला बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. खांड तशीच राहिली तर दर उधाणाला पाणी आत येणार, आणि खारं पाणी मुरलेल्या खाचरात पुढचे दोन-तीन पावसाळे भात धड होत नाही. मृग तोंडावर आला होता. श्रीहरिकोट्याला उलटी मोजणी चालू असताना काही खटकलं तर मोजणी थांबवता येते, त्याला होल्ड म्हणतात. मृगाला होल्ड नाही.

पूर्वी बांधाची जबाबदारी जोळावर असायची. ज्यांची शेतं त्या बांधाआड ती सगळी घरं मिळून जोळ, आणि हाक आली की घरटी माणूस फावडं घेऊन हजर. आता तरणी पोरं कंपन्यांच्या पाळीत किंवा मुंबईच्या गाडीत. हाकेला आम्ही सातजण आलो. सगळ्यांच्या वयाची सरासरी काढायचा मोह मी आवरला. आमचे पुढारी शेजारचे नाना, ऐंशीच्या पुढचे.

मी अर्थातच तयारी करून गेलो होतो. खांडीची लांबी, खोली, लागणारी माती आणि एका माणसाची तासाला किती घमेली, असा तक्ता छापून नेला होता. नानांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, पाठ कोरी बघून खूश झाले आणि त्यावर तंबाखू मळली. मग म्हणाले, "अस्टमीला ये."

अष्टमी का, ते मला कळत होतं. अष्टमीला भांग असतो. चंद्र-सूर्य एकमेकांना आडवे ओढतात, भरती कमी चढते. आमच्या भाषेत ही लाँच विंडो. पण पूर्ण भरती किती वाजता, ते मी मोबाइलवर शोधत असताना नाना म्हणाले, "सहाला." तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ. खाडीवर जाणाऱ्या कुणालाही हे येतं. मलाच कुणी सांगितलं नव्हतं, कारण अकरावीनंतर मी शिकायला बाहेर होतो.

रात्री कागद घेऊन बसलो. तीस तिथींत भरतीची वेळ चोवीस तास फिरून जाते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. नानांच्या हिशेबात ४५. तिथीमागे तीन मिनिटांची चूक, अष्टमीला २४ मिनिटं, पौर्णिमेपर्यंत पाऊण तास! शिवाय खाडी इतकी आत शिरलेली, पाण्याला इथवर यायला आणखी वेळ. दुसऱ्या दिवशी मी नानांना म्हटलं, "नाना, पाऊणपट नाही, चारपंचमांश करायला हवी."

नानांनी थोडा विचार केला. "पाऊन डोक्यान व्हते, सायेब. तुमच्या त्या चारपंचमांशाला कागुद लागल."

"पण पाणी तुमच्या हिशेबापेक्षा उशिरा येतं."

"उशिरा आला तं काय बिगरते? लवकर आला तं बिगरते."

मी गप्प झालो. विमानाच्या पंखाचं गणित मांडताना येईल त्या भारापेक्षा दीडपट भार धरतात, त्याला सुरक्षेचा गुणक म्हणतात. त्यावर मी तरुण पोरांना व्याख्यानं दिली आहेत. इथे तो गुणक अपूर्णांकात आधीच मुरवून ठेवलेला होता. चूक होती, पण ती नेहमी एकाच बाजूला, माणसाच्या बाजूला पडणारी. असली चूक सुधारायला निघालेला मी हा त्या गावातला एकमेव पदवीधर मूर्ख असणार.

मागे १९८१ साली ॲपल उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो जगभर गाजला. पाहणारे म्हणाले, गरीब देश. खरं तर अँटेनाच्या चाचणीत धातूची गाडी मध्ये लुडबुडली असती, म्हणून लाकडी गाडी आणली होती. त्या दिवशी तिथे बैलगाडीच अद्ययावत होती. हा किस्सा मी नातवंडांना सांगत आलो. बांधावर नानांसमोर तो सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी फक्त बैल कसे होते एवढंच विचारलं असतं.

अष्टमीला पाणी उतरू लागताच नऊच्या सुमाराला आम्ही उतरलो. दोन्ही बाजूंनी बांबू ठोकले, मध्ये पेंढा, त्यावर चिखल, पुन्हा पेंढा. शरीरश्रमाचं तत्त्व देशाला सांगणारे विनोबा याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. ते तत्त्व माझ्या डोक्याला कधीच पटलं होतं, कमरेला त्या दिवशीही पटलं नाही. चाळीस घमेल्यांनंतर नानांनी माझी नेमणूक झडपेवर केली. बाटली काढायची, बिजागरी घासायची, फळी हलवून बघायची. अडतीस वर्षांनी पुन्हा त्याच पदावर! मी फळी वीसदा उघडून मिटली. नाना म्हणाले, दोनदा पुरते.

चारला काम उरकलं. बाकीचे गेले. नाना आणि मी नव्या मातीशेजारी पाणी बघत बसलो. सहा वाजले, पाणी चढतच होतं. सहा चोवीस झाले, तरी चढत होतं. मी घड्याळाकडे बघतोय हे नानांना दिसत होतं, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी फडकं सोडून भाकरी आणि जवळ्याचं सुकं काढलं, अर्धी माझ्या हातावर ठेवली. दुसरी भाकरी चालू असताना पाणी बांबूच्या तिसऱ्या पेरापाशी थबकलं, तिथेच घुटमळलं. झडप मिटलेली होती.

जवळा तिखट होता. नानांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. एका अंगानं चेपलेली, झाकण निराळ्याच रंगाचं. ओळखीची वाटली. मी काही विचारलं नाही, घटाघटा प्यायलो.