त्र्याण्णव क्रमांकास खुले पत्र

त्र्याण्णवा,

पत्राच्या आरंभी 'प्रिय' लिहायची रीत आहे. मी ती मोडते. तू माझी वीस वर्षं गिळून बसला आहेस. तुला प्रिय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तू कोण, हे आधी वाचणाऱ्यांना सांगते, कारण तुला नावानं ओळखणारी माणसं थोडी आहेत. देशात काम कोण करतं आणि कोण करत नाही, याची सरकारी पाहणी होते. तिला श्रमबल सर्वेक्षण म्हणतात. तिच्यात प्रत्येक माणसाला एक आकडा मिळतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ११, पगारी नोकरीवाल्याला ३१, रोजंदारीवर जाणाऱ्याला ५१, काम शोधणाऱ्याला ८१. शिकणाऱ्या पोरांना ९१ आणि फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ९२. त्यानंतर तू. घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी सरपण, भाजी, वैरण गोळा करणारी, शिवणारी, विणणारी बाई म्हणजे ९३. तुझ्यापुढं एक घर सोडून ९५ बसतो, म्हणजे अपंगत्वामुळे काम न करू शकणारा. ९१ पासून पुढचे सगळे 'श्रमशक्तीच्या बाहेर'.

माझ्या घरात तू आणि पंच्याण्णव एकाच खोलीत राहता. पंच्याण्णव म्हणजे माझी लेक. सतरा वर्षांची आहे. जन्मल्यावर रडली नाही, मेंदूला प्राणवायू पोचायला उशीर झाला. डॉक्टरांनी सांगितलेला शब्द, सेरेब्रल पाल्सी, मला तेव्हा नीट म्हणताही येत नव्हता. ती हसते, गाणं ओळखते, माझं पाऊल उंबऱ्यात वाजलं की मान वळवते. बसवलं तर बसते. कूस मात्र मी वळवावी तेव्हाच वळते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत पाहणीचा मुलगा आला. गंगाखेडात, गोदावरीच्या घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. मुलगा सालस होता. त्याच्यावर माझा काही राग नाही. त्यानं ह्यांना विचारलं, "घरातल्या बाई काय करतात?" हे म्हणाले, "काही नाही. घरीच असती. शिवतबिवत बसती." मी आत होते. लेकीच्या तोंडात घास होता. घास तोंडात असताना तिला सोडून उठलं तर ठसका लागतो आणि ठसका लागला की श्वास अडकतो. म्हणून मी दारात आले नाही आणि माझं उत्तर दुसऱ्यानं दिलं. 'शिवतबिवत' ह्या एका शब्दावर तू ठरलास. ह्यांनी तेवढंही सांगितलं नसतं तर ब्याण्णव लागला असता. ह्यांच्याशी जे बोलायचं ते मी त्याच रात्री बोलले. तुझ्याशी बोलायचं राहिलं होतं.

तर ऐक, 'काही नाही' म्हणजे काय ते.

पहाटे साडेचारला उठते. तिची ओली दुपटी काढून पाठ पुसायची, कुठं लाल झालंय का ते बोटानं दाबून बघायचं. दाबल्यावर लाली गेली नाही तर तिथं जखम धरणार हे आता मला कळतं. मग पाणी, झाडलोट, भाकरी. आठला झटक्याची गोळी. ती चुकली तर दिवस गेला. नाष्ट्याला भाकरी दुधात कुस्करून, इतकी मऊ की दाताला काही लागू नये. एक वाटी भरवायला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास दुसरं काही करता येत नाही, डोळा तिच्या गळ्यावर ठेवावा लागतो. मग टाचा ताणायच्या, गुडघे सोडवायचे. अंग कडक असतं, जोर लावला तर तिला दुखतं, नाही लावला तर सांधे आखडतात. मग आंघोळ. तिचं वजन ३६ किलो आहे. दिवसातून आठ-दहा वेळा मी तिला उचलते, खाटेवरून मोरीत, मोरीतून खाटेवर, खाटेवरून ओट्यावर. कारखान्यात बाईनं एकटीनं ३० किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये असा नियम आहे. माझं घर कारखाना नाही, म्हणून माझ्या कमरेला तो नियम लागू नाही. चार वर्षांपासून तिची पाळीही सुरू आहे. त्याबद्दल इथं एवढंच लिहिते की त्या दिवसांत ती घाबरते आणि तिला काय होतंय ते समजावता येत नाही.

आणि शिवण. ह्याच्यावर मी थांबणार आहे, कारण तू इथंच सगळ्यांत जास्त खोटा पडतोस.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा. मला ती आईनं शिकवली. ओसरीत जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतराचे, पातळाचे थर टाकायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. कडेनं चारी बाजू पक्क्या करायच्या आणि मग कडेकडून मधे येत धावदोरा घालायचा, ओळीला ओळ लागून. टाका लांब पडला तर धुण्यात थर सरकतो आणि गोळे होतात. फार बारीक पडला तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होते, अंगाला बिलगत नाही. बरोबर टाका किती, हे बोटालाच कळतं. लेकीसाठी मी वेगळ्या शिवते. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच कापड घेते, नायलॉनचा धागासुद्धा चालत नाही. तीन थर, मधल्यानं ओल शोषून घ्यावी, वरच्यानं कातडीला खरचटू नये. शिवण तिच्या माकडहाडाखाली येणार नाही अशी ओळ वळवते. सतरा वर्षांत तिच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही. हे कुठल्या गादीमुळं झालेलं नाही, माझ्या सुईमुळं झालं आहे.

डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं. मी घड्याळ बघत नाही. माझ्या चार ओळी झाल्या की दोन तास होतात. त्या दोन तासांत कुकर लावायला उठणं, दळणाचा डबा काढणं, लाळ पुसणं हेही आलं. आता सांग, ते दोन तास कशाचे? घरकामाचे, शिवणाचे की लेकीचे? मासिकांत आमच्यासारख्या बायकांवर लिहितात तेव्हा 'तारेवरची कसरत' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. डोंबाऱ्याची पोर तारेवरून खाली उतरते आणि लोक थाळीत पैसे टाकतात. माझ्या ह्या तीन कामांच्या मधे उतरायला जागाच नाही. ती तिन्ही एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत.

उन्हाळ्यात मी लोकांच्याही गोधड्या शिवते. एका मोठीला पंधरा-वीस दिवस लागतात. मजुरी सात-आठशे मिळते. ह्या शिवणाला पाहणीत जागा आहे. वर्षातले ३० दिवस भरले तर 'दुय्यम काम' म्हणून नोंद होऊ शकते. म्हणजे शेजारणीच्या नातवासाठी शिवलं तर ते काम. तीच ओसरी, तीच सुई, तोच दोरा घेऊन माझ्या लेकीच्या पाठीखाली शिवलं तर ते काम नाही. जी गोधडी एका माणसाची कातडी शाबूत ठेवते ती तुझ्या लेखी शून्य, आणि जी पेटीत घडी घालून ठेवायची तिला सातशे रुपये. हा हिशेब कुणी मांडला? मांडणारा कधी आजारी माणसाच्या उशाला रात्रभर बसला होता का?

आमचं गाव जनाबाईचं. गंगाखेडात जन्मली, पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, धुणं करता करता तिनं अभंग रचले. सातशे वर्षं झाली, लोक तिचं जातं विसरले नाहीत. एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जनाबाईनं दुसऱ्याच्या घरी दळलं, म्हणून तुझ्या कायद्यानं ती कामकरी ठरली असती. तीच गंगाखेडात राहून, स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकरासाठी दळत बसली असती, तर तू तिला बाहेर काढलं असतंस. आणि तिच्या जात्याला हात लावायला विठ्ठल आला, असं गाव मानतं. आमच्या आजोळी बायका हे सांगताना डोळे पुसायच्या. तेव्हा मला ते भक्तीचं रडणं वाटायचं. आता वाटतं, जात्याला दुसरा हात लागावा एवढीच त्यांची आस असेल.

२०१९ साली देशभर वेळेची मोजणी झाली. अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करून माणसं दिवसभर काय करतात ते विचारलं गेलं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. घरच्या माणसांची काळजी घेण्यात बाई १३४ मिनिटं, पुरुष ७६. म्हणजे मोजता येत नाही, असं म्हणायची सोय तुला राहिलेली नाही. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठात बायकांचे शेतातले काबाडकष्ट कमी कसे करावेत यावर कितीतरी वर्षं संशोधन चाललं आहे. काम करताना बाईच्या हृदयाचे ठोके किती वाढतात हेसुद्धा असल्या संशोधनात मोजतात. मला वाटतं, एकदा कुणी माझ्या छातीला तो पट्टा बांधावा आणि मी लेकीला मोरीतून उचलताना बघावं.

सर्वोच्च न्यायालयानंही तुझ्या घराण्याला फटकारलं आहे. २०१० साली एका मोटार अपघाताच्या दाव्यात न्यायमूर्ती गांगुलींनी लिहिलं की जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासोबत अनुत्पादक वर्गात टाकलं, हे बायकांचं अवमूल्यन आहे. २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं आणखी एका अपघाताच्या निकालात वेळेच्या त्या मोजणीचा आधार घेऊन घरकामाचं मोल धरायला सांगितलं. निकाल चांगले आहेत. पण दोन्हींमधली बाई मेलेली होती. तिच्या कामाची किंमत भरपाई ठरवायला काढली गेली. मी जिवंत असताना माझ्या कामाचं मोल कुठल्या कागदावर लिहिलं जाणार?

तुला वाटत असेल, नुसत्या आकड्यानं माझं काय बिघडतं. बिघडतं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्याच्या २४ व्या कलमात, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची योजना करावी असं लिहिलेलं आहे. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असेही शब्द आहेत. ही कुवत ठरवायला बसलेल्या माणसापुढं माझे तास कधी जातच नाहीत, कारण तू ते दारातच पुसलेस. जे काम झालंच नाही, त्याला भत्ता कोण देईल? लेकीला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, पूर्वी दीड हजार, ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार. ते तिचे आहेत, तिच्या गोळ्यांना आणि दुधाला लागतात, आणि मी त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. काळजी घेणाऱ्या हातांसाठी मात्र वेगळं काही नाही. केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला महिन्याला ६०० रुपये. रक्कम लहान आहे, पण ती सेवा करणाऱ्याच्या नावानं आहे. मला त्या सहाशेचा हेवा वाटतो.

इंग्लंडातली एक गोष्ट सांगते. तिथं १९७६ पासून अपंग नातलगाची सेवा करणाऱ्याला भत्ता मिळू लागला, पण लग्न झालेल्या बाईला नाही. ती तर घरीच असणार, असा त्यांचा हिशेब. जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईनं अपंग आईसाठी नोकरी सोडली, भत्ता मागितला, नाकारला गेला. ती युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ साली जिंकली. 'घरीच असती' हे वाक्य त्या देशातही होतं, आणि एका बाईनं ते कागदावरून खोडायला लावलं.

पुढच्या वर्षी माझी लेक अठराची होईल. कायद्यानं ती सज्ञान. मग तिची पालक म्हणून मला, तिच्या आईला, अर्ज करावा लागेल. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं तो जातो. परळीच्या मार्गावरची गाडी धरून, तिला मांडीवर घेऊन, परभणीला जाईन. मला रात्री एकच विचार छळतो, तो इथं लिहिते. मी गेल्यावर हे काम कोण करणार, असं विचारायला गेले तर आधी हे काम आहे असं कुणीतरी मानायला हवं. तू ते मानू देत नाहीस. माझ्यानंतर लागणाऱ्या माणसाची जागासुद्धा तू आजच रिकामी दाखवतोस, कारण तिथं कुणी कामाला होतं अशी नोंदच नाही.

आता जनगणना येणार आहे. १ मार्च २०२७ ही तिची तारीख धरली आहे. पुन्हा कुणीतरी सालस मुलगा किंवा एखादी शिक्षिका आमच्या दारात येईल आणि विचारेल. ह्यांना मी सांगून ठेवलंय, त्या दिवशी तुम्ही बोलायचं नाही. त्यांनी मान डोलावली. आता तेही रविवारी तिला भरवायला शिकतायत, अर्धी वाटी होते. घास चालू असेल तर मोजणाऱ्याला ओसरीत बसवायचं, पाणी द्यायचं आणि मी येईपर्यंत थांबवायचं. पाऊण तास लागला तरी थांबवायचं. मग मी हात धुऊन येईन आणि तिच्या पाठीखालची गोधडी त्याच्यासमोर पसरून सांगेन, ही लिही.

— गंगाखेडहून, एक आई