टॅपेट वाजू दे

दारात इंजिन खोललेलं असलं, की घराला माणसांची वाण पडत नाही. नुसती गाडी धूत बसा, कुणी ढुंकून बघणार नाही. पण हेड काढलेलं इंजिन फाटकातून दिसलं, की दूधवाला, पेपरवाला, समोरचे निवृत्त तलाठी, सगळ्यांचे पाय आमच्याच दारात अडखळतात. प्रश्न एकच: "जुळणार का हे परत?" मग उरलेल्या नटबोल्टांचा विनोद होतो. तो प्रत्येक जण आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा करतो, आणि आपण हसायचं असतं.

गाडी अ‍ॅम्बॅसिडर, मामाकडून आलेली. मॉरिस ऑक्सफर्ड नावाची ही मूळची इंग्लंडची बाई. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात तिने नाव बदललं आणि 2014 साली कारखाना थांबेपर्यंत तोंडवळा फारसा बदलू दिला नाही. पुढे तिच्या पोटात इसुझूचं इंजिन आलं. आमचं त्याआधीचं, 1489 सीसीचं, बीएमसी घराण्यातलं. 1 एप्रिल 1957ला देशात नवे पैसे आले, पुढे शेर गेले, मैल गेले, पण या इंजिनाचे नट इंचीच राहिले. त्यामुळे घरात पान्यांचे दोन संसार आहेत, आणि हवा तो पाना नेहमी दुसऱ्या संसारात सापडतो.

कोल्हापुरात राहण्याचा एक फायदा असा, की जे घरी होत नाही ते उद्यमनगरात होतं. सिलिंडर बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, व्हॉल्व्हच्या सीटा कापणं ही कामं तिथे द्यायची. जुळणी मात्र पोर्चमध्ये, मामाच्या देखरेखीखाली. मामा आयुष्यभर टूलरूममध्ये होता, त्यामुळे तो मिलिमीटरला परका मानतो. त्याची भाषा थाऊची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची.

क्रँक, पिस्टन, रिंगा हे सगळं मी पटकन उरकलं असं लिहितो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि वाकण्यासारखं जास्त आहे. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, टायमिंग चेनच्या दोन्ही चक्रांवरचे ठिपके समोरासमोर आणायचे, तेल लावायला कंजूषपणा करायचा नाही. व्हॉल्व्ह बसवणं मात्र जिवाला गोड लागतं. सीटेवर बोटभर पेस्ट लावायची, रबरी चोखणी लावलेली काठी व्हॉल्व्हच्या माथ्यावर चिकटवायची आणि ताकातल्या रवीसारखी दोन्ही तळव्यांत फिरवायची. आधी करकर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. पुसून बघावं तर व्हॉल्व्हच्या कडेला राखाडी, अखंड गोल रेघ उमटलेली. मग पोर्टात रॉकेल ओतून ठेवायचं. खाली थेंब झिरपला, तर पुन्हा काठी हातात.

पुशरॉड एका चपलांच्या खोक्याला भोकं पाडून, आकडे घालून, ओळीने उभे केले होते. दिसायला सगळे सारखे. पण प्रत्येक रॉड आपापल्या रॉकरच्या संगतीत झिजलेला असतो, त्याला परक्या घरी पाठवून चालत नाही. आईने खोकं बघितलं आणि "माझ्या चपला कुठायत?" एवढंच विचारलं.

पण पुढे कामाला आली तीच. या इंजिनात आठ व्हॉल्व्ह, आणि टॅपेट सेट करायला नवाचा हिशेब. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल, त्याचा आकडा नवातून वजा करायचा. उत्तर येईल तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असतो, त्याची फट तपासायची. आठवा दाबला की पहिला, सहावा दाबला की तिसरा. प्लग काढून ठेवलेले असले की पुढच्या हँडलने इंजिन हलकं फिरतं. आईने जन्मभर प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. पोर्चमध्ये खुर्ची टाकून ती बसली, आणि मी हँडल फिरवताच म्हणाली, "पाच दाबला बघ. चार घे." इंजिनाला तिने बोटही लावलं नाही. चूकही होऊ दिली नाही.

फट पंधरा थाऊची. ती ठेवायची का, तर तापलं की लोखंड वाढतं. फट नसेल तर वाढलेला व्हॉल्व्ह सीटेवर नीट टेकत नाही, अंगातली उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि जळतो. त्यातही धुराच्या वाटेवरचा आधी. फट जास्त झाली तर फार काय, टकटक वाजतो. "वाजू दे की," मामा म्हणतो. "वाजतंय ते परवडलं. गप्प बसतंय त्याची भीती."

खरी गंमत त्या फटीची. फिलर गेजचं पातं फटीतून ओढायचं. ते अडायला नको, पण ओढ लागायला हवी. ही ओढ किती, ते कुठल्याच पुस्तकात नाही. त्यातून स्क्रू बरोबर बसला म्हणून लॉकनट आवळावा, तर नट जाताना स्क्रूलाही हळूच सोबत नेतो. म्हणजे एका हाताने स्क्रूड्रायव्हर रोखायचा, दुसऱ्याने पाना फिरवायचा आणि पातं धरायला तिसरा हात हवा. लग्नाला आपल्याकडे चतुर्भुज होणं का म्हणतात, ते मला रॉकरपाशी नीट कळलं. बायकोने पातं धरलं.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

मामाने ओढून पाहिलं. "बरोबर आहे, सूनबाई."

"मामा, घट्ट आहे. शिवणाच्या मशिनचं टेन्शन रोज बघते मी."

सूक्ष्म मोजमापावरून टूलरूमचा माणूस सहसा हरत नाही. मामाने चष्मा पुसला, पुन्हा पातं ओढलं, आणि स्क्रू केसभर सोडायला मला डोळ्यांनी सांगितलं. तोंडाने नाही.

गाडी चालू झाली तेव्हा फाटकात बरीच मंडळी होती. तलाठीसाहेबांनी कान देऊन निदान केलं: "टॅपेट वाजतायत." मामाचा चेहरा उजळला. नवीन गॅस्केट दबतं, त्यामुळे थोडी गाडी पळवून हेड पुन्हा आवळायचं असतं, आणि हेड आवळलं की सगळ्या फटी नव्याने बघाव्या लागतात. म्हणून रॉकर कव्हरचं कॉर्कचं गॅस्केट उद्यमनगरातून जोडीनेच आणलंय. फिलर गेज मात्र आता शिवणाच्या मशिनच्या खणात असतो. मामाने मागितला, तरी आधी हात धुऊन यावे लागतात.