भुयारात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

प्रस्तुत सूचना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ मनापासून खेळू इच्छिणाऱ्या, सज्ञान, नोकरदार आणि रविवारी रेल्वेच्या कृपेवर अवलंबून असलेल्या व्यक्तींसाठी आहेत. अनभिज्ञांसाठी खेळाची ओळख अशी : पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. जग त्याचं. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. आपण म्हणायचं, ‘मी दार उघडतो’. दाराआड काय आहे ते डीएम सांगणार. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. डाव संपत नाही, कुणी जिंकत नाही. आमच्या डीएमच्या आजोबांना हे एकदा तपशीलवार समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे भजनी मंडळ. फक्त मधेमधे मारामारी.”

आमचं मंडळ तीन वर्षं ठाण्यात, नौपाड्याला, डीएमच्या घरी भरतं. सभासद : योद्धा (डोंबिवली), क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा पुजारी (पनवेल), जादूगार (मुलुंड), चोर (वसई) आणि मी. मी बार्ड आहे. शाहीर म्हणा. शाहिराला तलवार बेताची येते, मंत्र निम्मे येतात, बोलणं मात्र अमाप. म्हणून वही माझ्याकडे आली. पुढील सूचना त्या वहीच्या आधारे दिल्या आहेत.

सूचना पहिली : रविवार

सहा जणांपैकी प्रत्येक जण पाचातले चार रविवार मोकळा असतो असं उदार मनाने धरलं, तरी सहाही जण एकाच रविवारी मोकळे सापडण्याची शक्यता शंभरात सव्वीस आहे. हा हिशेब जादूगाराने केला. तो सीए आहे. त्या रविवारी तो आला नव्हता, फोनवरून केला.

यात मेगाब्लॉक धरलेला नाही. तो मध्य रेल्वेवर असतो आणि हार्बरवरही असतो. पश्चिम रेल्वेवर त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात, त्यामुळे चोराचा उशीर निराळ्या नावाने नोंदवावा लागतो. वसईहून ठाण्याला यायचं तर एकतर दादरपर्यंत जाऊन उलटं फिरायचं, नाहीतर घोडबंदर रोडवर बसून राहायचं. चोर दर वेळी या दोहोंपैकी ज्या मार्गाला जास्त वेळ लागेल तो निवडतो. म्हणून चारचं सेशन असेल तर सर्वांना चार सांगावं, चोराला अडीच सांगावं.

गणसंख्या ठरवून टाकावी. डीएम आणि तिघं आले की खेळ सुरू. कुणासाठी थांबायचं नाही. तीन वर्षांत एवढं एकच शहाणपण आम्ही स्वतःहून शिकलो. ‘सगळे असतील तेव्हाच खेळू’ म्हणणारी मंडळं आमच्या डोळ्यांदेखत बंद पडली. गैरहजर माणसाचं पात्र बाहेर खेचरांजवळ थांबलंय असं धरून चालावं. लग्नसराईत आमचा योद्धा सलग पाच सेशन्स खेचरं राखत होता. आता खेचरं त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत.

सूचना दुसरी : खाणं

कांदाभजी कॅरॅक्टर शीटपासून, म्हणजे पात्राचे गुण लिहिलेल्या कागदापासून, एक हात लांब ठेवावीत. माझा करिष्मा 16 आहे. त्यातल्या सहावर तेल सांडलंय, आणि चोर तो 10 वाचतो.

सूचना तिसरी : फासे आणि तक्ते

हा खेळ 1974 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. गायगॅक्स त्याआधी विमा कंपनीत जोखीम मोजायच्या कामावर होता, आणि ती नोकरी गेल्यावर त्याने बूट दुरुस्तीही केली. त्याच्या पुस्तकांतले तक्ते बघताना यातला पहिला धंदा जाणवतो. कुठल्या दारामागे काय निघेल, कुठल्या वाटेवर कोण भेटेल, सगळ्याला तक्ता. आणि आमचे बूट फाटले की दुसरा धंदा आठवतो, कारण बूट फाटण्याचा तक्ता डीएमने स्वतः तयार केलाय.

फाशाविषयी एवढं ध्यानात ठेवावं : वीसचा आकडा पडण्याची शक्यता शंभरात पाच. ‘ॲडव्हान्टेज’ असला, म्हणजे दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा असला, तर शंभरात पावणेदहा. तेव्हा फाशावर फुंकर मारण्यापेक्षा ॲडव्हान्टेज मिळवावा : शत्रूला आधी आडवा पाडावा, अंधारात दबा धरावा, मित्राची मदत मागावी. चोर फुंकरच मारतो. त्याला वीस पडतो. याचं स्पष्टीकरण वहीत नाही.

नियमांवरून भांडण झालं तर डीएम म्हणेल तो नियम, आणि पुस्तक नंतर घरी जाऊन उघडावं. आमच्याकडे 2014 ची पुस्तकं होती. जादूगार 2024 ची सुधारित घेऊन आला. तेव्हापासून आमच्या राज्यात दोन घटना लागू आहेत, आणि तो दोन्हींमधली सोयीची कलमं वाचतो.

सूचना चौथी : राक्षस समोर असताना

या खेळात राक्षस आहे. नाव तेच, रूप निराळं : तोंड वाघाचं, तळवे उलटे बसवलेले, अंगावर उंची कपडे. जुन्या चित्रात तर महाशय पाइप ओढताहेत. डीएमने हे वर्णन वाचून दाखवलं तशी क्लेरिकने हरकत घेतली. राक्षस म्हणजे बकासुर, गाडाभर अन्न, वर गाडीचे रेडे आणि हाकणारा माणूस. हा पाइपवाला कोण? योद्धा म्हणाला, हिडिंबेचं काय, ती सुंदर झाली होती की नाही? म्हणजे रूप बदलणं आहे आपल्याकडे. जादूगाराने उलट्या तळव्यांना आधार मागितला. मी शाहीर असल्याने मध्यस्थी केली आणि चर्चा आणखी लांबवली. चाळीस मिनिटं तो राक्षस बिचारा पाइप हातात धरून उभा होता. मग डीएम फार हळू आवाजात म्हणाला, “पहिली खेळी त्याची आहे.”

दोघं आडवे पडल्यावर जे शिकलो ते इथे देतो. सगळ्यांनी मिळून एकाच शत्रूवर तुटून पडावं. या खेळात अर्धमेला शत्रू अर्ध्या जोराने मारत नाही. एक एचपी, म्हणजे जीवाचा शेवटचा गुण, उरलेला गोब्लिन अखेरपर्यंत ताज्या गोब्लिनइतकाच मारतो. आणि क्लेरिकने सगळ्यांना थोडं थोडं बरं करत बसू नये. जो पडलाय त्याला आधी उभं करावं. पडलेल्या माणसाला स्वतःसाठी फासे टाकावे लागतात, दहा किंवा वर तीनदा पडले तर वाचला, खाली तीनदा पडले तर गेला. टेबलावरची भजी तेवढ्याच वेळात थंड होतात, कारण कुणी हात लावत नाही.

सूचना पाचवी : गट फोडू नये

चोर फोडतो.

सूचना सहावी : कोडी

गायगॅक्सने 1975 साली एका संमेलनासाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाची एक कबर रचली. तिच्यात भिंतीवर हिरव्या सैतानाचं तोंड आहे, आ वासलेलं, आत मिट्ट काळोख. त्यात जे जाईल ते नाहीसं होतं, माणूस असो की हत्यार. अशा जागांसाठी जाणती मंडळी दहा फुटी काठी जवळ बाळगतात आणि कुठल्याही भोकात आधी ती घालतात. हा झाला सर्वमान्य नियम. पुढचं मात्र आमचं, खरं सांगायचं तर माझं, कर्तृत्व आहे.

डीएमच्या तोंडून दोन प्रकारची वाक्यं येतात. काही त्याने रात्री जागून लिहिलेली असतात, काही त्या क्षणी सुचलेली. पहिली खेळाडू ऐकत नाहीत. दुसरीवर बंगले बांधतात.

जूनमध्ये आम्ही चार राजांच्या थडग्यात उतरलो. समोर दगडी दार, त्याला कडी नाही, कुलूप नाही, बोट शिरेल एवढी फट नाही. चार कोपऱ्यांत चार राजांचे पुतळे. वहीतल्या नोंदी जशाच्या तशा देतो :

‘4.48. पुतळ्यांच्या पायाशी दगड गोल घासल्याच्या खुणा. बांधकाम निकृष्ट.

4.49. पूर्वेच्या भिंतीपाशी जमिनीवर सूर्य कोरलेला. शोभेचा.

4.50. काकूंनी आतून डीएमला सांगितलं, पाचला पाणी जाईल, बादली भरून ठेव.

4.51. डीएम म्हणतो, कोपऱ्यात एक बादली आहे. महत्त्वाची.’

‘महत्त्वाची’खाली दोन रेघा आहेत. अक्षर माझंच. शेवटच्या दोन नोंदी एकाखाली एक आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल हे मला दिवाळीपर्यंत सुचलं नाही.

जादूगाराने जादू ओळखण्याचा मंत्र टाकला. डीएम म्हणाला, बादलीत जादू नाही. “म्हणजे लपवलीय,” जादूगार म्हणाला. क्लेरिकने बादलीवर आशीर्वाद टाकला. योद्ध्याने ती उचलून वजनाचा अंदाज घेतला. डीएमने तीन वेळा सांगितलं, की अरे, साधी बादली आहे. त्यावर मी उभा राहून म्हणालो, साधी असती तर तीनदा कशाला सांगितलं असतं? माझ्या करिष्म्याचा परिणाम म्हणा, सगळ्यांना पटलं.

चांगला डीएम एका रहस्याच्या तीन खुणा पेरतो, कारण खेळाडू एक ऐकत नाहीत आणि एकीचा भलताच अर्थ लावतात. आमच्या डीएमनेही तीन पेरल्या होत्या. खुणा आणि सूर्य वर आलेच. तिसरी चार सेशन्स आधी एका म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या तोंडी होती : जुने राजे मावळतीकडे कधी तोंड करत नसत. वहीत त्या दिवशीची नोंद आहे, ‘पुजारी बडबड्या.’

तो दिवस गेला. पुढचं सेशन जुळायला पाच आठवडे लागले, तेही बादलीत गेलं. तिसऱ्या वेळी चोर (पावणेसहाला, घोडबंदर) आला, उरलेलं शेवटचं भजं खाल्लं, आणि म्हणाला, मी बादली त्या सूर्यावर उलटी ठेवतो, वर उभा राहतो आणि राजांना मुजरा करतो. का, विचारलं तर म्हणाला, वाटलं.

डीएमने त्याच्याकडे पाहिलं. हातातल्या कागदाकडे पाहिलं. आतून काकू चहा घेऊन आल्या, त्यांच्याकडेही पाहिलं. मग कागदाची घडी घालून तो टेबलावरच्या आपल्या पडद्यामागे ठेवून दिला. म्हणाला, “खरखर आवाज येतो. चारी राजे हळूहळू वळतात. चोराकडे तोंड करतात. दार उघडतं.”

आम्ही एवढे ओरडलो की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. वहीत नोंद आहे : ‘6.20. बादली. मी म्हटलं होतं.’

दिवाळीच्या आधी काकूंनी टेबल आवरायला लावलं तेव्हा तो कागद माझ्या हाती लागला. डीएमचं बारीक, स्वच्छ अक्षर. ‘पुतळे पूर्वेला फिरवणे (10 मिनिटं).’ चारी राजांची नावं, त्यांच्या वंशावळी, कोण कशाने मेला, सगळं. त्यातलं एक अक्षर आम्ही कधी ऐकलं नाही. आणि त्या अख्ख्या पानावर बादली नव्हती.

माणूस आयटीत आहे, शनिवारीही कामावर असतो. हे सगळं तो रात्री लिहितो, आम्ही येतो, भजी खातो आणि बादलीकडे बघत बसतो. आणि तो एका शब्दाने बोलत नाही. मी कागद होता तिथे ठेवला. बाकीच्यांना सांगितलेलं नाही. मंडळाच्या सभासदांनी हा परिच्छेद वाचू नये.

एरवीही हा खेळ असाच वाढत आलाय. घुबडाचं डोकं आणि अस्वलाचं धड असलेला आऊलबेअर आज जगभर नावाजलेला आहे. हाँगकाँगहून आलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांत गायगॅक्सला तसलं एक विचित्र ध्यान सापडलं, त्यावरून तो निघाला. तेव्हा बादलीला कुणी हसू नये.

डीएम होऊ इच्छिणाऱ्यांसाठी उपसूचना : खेळाडूंचं उत्तर तुमच्या उत्तरापेक्षा चांगलं असेल तर तेच तुमच्या मनात होतं असं दाखवावं. चांगलं नसेल तर दोन महिने वाट पाहून दाखवावं.

सूचना सातवी : हिशेब

प्रत्येक सेशनच्या शेवटी मालमत्ता वहीत उतरवून घ्यावी. भेटलेल्या प्रत्येक पात्राचं नावही लिहावं, खानावळवाल्याचंसुद्धा. तो पुढे हमखास राजपुत्र निघतो.

आजअखेर शिल्लक : सोन्याची नाणी 2,340. दोरी पन्नास फूट, अजून न वापरलेली. दहा फुटी काठी, आता साडेसहा फुटी. खेचरं दोन. बादली एक. चोराकडून भज्यांचे 140 रुपये येणे.