आठवी ‘ब’चा असहकार

पाठ टाचणात मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘विद्यार्थी उत्स्फूर्त प्रतिसाद देतील.’ बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात तो हमखास मिळायचा. तिथे विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र बसतात आणि उद्या त्यांचाही पाठ असतो. त्यामुळे प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर! फैजपूरच्या आठवी ‘ब’चा माझ्याशी असा कुठलाच व्यवहार ठरलेला नव्हता.

विषय तर मी घरचाच काढला होता. “1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन कुठे भरलं?” शांतता. “अध्यक्ष पंडित नेहरू. खेडेगावात भरलेलं पहिलंच अधिवेशन!” शांतता. “साने गुरुजी त्यासाठी राबले, नंदलाल बोसांनी बांबूची सजावट केली...” एक हात वर गेला. माझा जीव भांड्यात पडला.

“सर, फळ्यावर हजर संख्या लिहेल नाही.”

लिहिली. हजर : 41. या आकड्यावर माझा तरी विश्वास बसेना.

विषय मुलांच्या अनुभवाशी जोडा, असं पुस्तकात असतं. याच अधिवेशनात शेतकऱ्यांचा कार्यक्रम मांडला गेला, शेतसारा कमी करा म्हणून. तो धागा पकडून मी विचारलं, “आपल्या भागात मुख्य पीक कोणतं?” खिडकीबाहेर पार सातपुड्याच्या दिशेनं केळीच केळी. वर्गानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. मागच्या बाकावर कुजबुज झाली, “सरले केयी बी माहीत नाही!”

तेव्हा मला या असहकाराचं तंत्र उमगू लागलं. नजरेला नजर द्यायची नाही. नाव पुकारलं तर उभं राहायचं, मान खाली घालायची आणि शेजाऱ्याकडे पाहायचं. शेजाऱ्यानं पंख्याकडे पाहायचं. मग फक्त थांबायचं. मास्तराला शांतता सोसत नाही, शेवटी तो स्वतःच उत्तर सांगून टाकतो, हे पोरांनी पहिलीपासून हेरलेलं असतं. शिवाय ज्याला उत्तर येतं तोच प्रश्न विचारतो, ही गोष्ट त्यांना मुळातच संशयास्पद वाटते. केळीचा भाव विचारणाऱ्याला तो खरोखर ठाऊक नसतो, म्हणून त्याला उत्तर मिळतं.

“फैजपूर!” अखेर मीच ओरडलो. एक्केचाळीस पेनं तत्परतेनं वहीवर चालली.

तेवढ्यात दारात हेडसर. “वा! नवीन असून वर्ग काय शांत ठेवलाय! समजलं ना रे सगळ्यांना?”

“हो सऽऽर!” कौलं हादरली.

हेडसर खूश झाले. “आणि सर, तुम्हाला काही अडचण?”

मी मान खाली घातली. मग पंख्याकडे पाहिलं. आणि थांबलो.

“नसणारच म्हणा,” असं म्हणून हेडसर पुढच्या वर्गाकडे वळले.